लाहाइनापर्यंत

माझा मुलगा फोनवर फारसं बोलत नाही. त्या रविवारी मात्र तो सलग बोलला, पाठ करून आल्यासारखा. ह्यूस्टनमधली नोकरी त्याने सोडली होती आणि कॉलेजातल्या एका मित्राबरोबर होनोलुलूला जुनी शिडाची बोट घेतली होती, हे मला ठाऊक होतं. नवीन होतं ते असं, की एप्रिलअखेरीस ते दोघं ती बोट घेऊन दक्षिणेला निघणार होते. विषुववृत्त ओलांडून ताहितीला. मध्ये तीन-चार आठवडे जमीन नाही.

मला पटकन बोलता येत नाही, ही तक्रार घरात जुनीच आहे. मग तोच म्हणाला, "आई, तू एकदा इकडे ये. होनोलुलूहून बोट आम्ही माउई बेटावर नेतोय, तिथे लाहाइना नावाचं गाव आहे. खरं निघायचंय तिथून. तू लाहाइनापर्यंत आमच्याबरोबर बोटीतून ये, सगळं बघ. तिथे पोचल्यावर तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार. प्रॉमिस."

त्याचे बाबा जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

हे गेले ते ऑगस्टमधल्या एका सकाळी, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये. ऑफिसला निघताना "दूध संपलंय, येताना आणतो" म्हणाले, गाडीत बसले आणि गाडी सुरू झालीच नाही. मी भांडी लावत होते. गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज आला आणि पुढचा आवाज आला नाही, म्हणून बघायला गेले. त्या दिवशी मला कोणी काही विचारलं नव्हतं. हो म्हणायला किंवा नको म्हणायला जागाच नव्हती. आता मुलगा मला तशी जागा देत होता, आणि ती मी सोडणार नव्हते.

पुण्याहून जाऊबाईंचा फोन आला. त्या थोरल्या, आणि घरातल्या सगळ्यांसाठी काळजी करायचं काम त्यांनी पहिल्यापासून स्वतःकडे घेतलेलं. "एकुलता एक आहे गं तो. हाताला धरून घरी आण. आणि तू कशाला त्या होडीत बसतेस या वयात?"

"वहिनी, ती चांगली मोठी आहे."

"मोठी म्हणजे? संडास आहे?"

"आहे."

"मग जा," त्या म्हणाल्या. "पण आण त्याला."

मी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात काम करते. काही समजून घ्यायचं असलं की पुस्तक मागवायचं, एवढीच मला रीत माहीत. महिनाभर मी शिडाच्या बोटींवरची मिळतील ती पुस्तकं वाचली. बुडालेल्यांची पुस्तकं जास्त चांगली लिहिलेली असतात. ह्यांनी तीस वर्षं समुद्रातल्या तेलविहिरींचे फलाट उभारण्याची गणितं केली, पण ह्यांच्या लेखी लाट म्हणजे खांबावर येणारा भार. समुद्रात कधी पाय घालायचे नाहीत. "पुढच्या वर्षी हवाईला जाऊ" असं मात्र दर वर्षी म्हणायचे. ह्यांच्या शोकसभेत, मंदिराच्या हॉलमध्ये, मुलगा उभा राहून म्हणाला होता, "बाबा नेहमी नेक्स्ट इयर म्हणायचे. मी नाही म्हणणार." हॉलमधल्या बायका रडल्या. पुरुषांनी येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. नंतर मला कोणीही भेटलं, की ते वाक्य मला ऐकवायचं.

होनोलुलूच्या धक्क्यावर बोट बघितली तेव्हा ती मला आमच्या बैठकीच्या खोलीपेक्षा लहान वाटली. आत मात्र कुठे काय ठेवावं याचा विचार फार नीट केलेला होता. चमच्यांनासुद्धा खिट्टी. मुलाने पाण्याचा पायपंप दाखवला, संडासाचा हातपंप दाखवला, गॅस कुठून बंद करायचा ते दोनदा दाखवलं. तो वाळला होता, उन्हाने काळा पडला होता, आणि हनुवटीवर दाढी होती. वाकून टाकीचं झाकण लावताना मागून हुबेहूब ह्यांच्यासारखा दिसला. मी दुसरीकडे बघितलं.

मित्र मिशिगनचा. उंच, तांबूस दाढीचा, चष्मेवाला, कुठेही गेला तरी डोकं आपटणारा. मला तो आंटी म्हणायचा, हे त्याला कॉलेजातच शिकवलेलं होतं. त्याने या बोटीसाठी आपला ट्रक विकला होता. तो आनंदी माणूस होता, आणि मला तो लगेच आवडला. त्यामुळे माझं काम सोपं झालं नाही.

घरून मी कुकर, मेतकूट, दाण्याचं कूट, पोहे आणि आलेपाकाच्या वड्या आणल्या होत्या. सकाळी बाजारातून केळ्यांचा एक फणा घेतला आणि तो हातात धरून बोटीवर पाऊल टाकणार, तर मित्र ओरडलाच. "नो, नो, नो! आंटी! नॉट बनानाज!"

मला वाटलं, केळ्यांत विंचू-बिंचू दिसला की काय.

"आई, बोटीवर केळी चालत नाहीत," मुलगा ओशाळून म्हणाला. "बॅड लक असतं."

"कुणाला?"

"सगळ्यांना. बोटीला."

"अरे, सत्यनारायणाला चालतात आणि तुमच्या बोटीला चालत नाहीत?"

मित्राने तो फणा दोन्ही हातांनी, तान्हं मूल घ्यावं तसा घेतला आणि धक्क्यावरून कुत्रा फिरवत चाललेल्या एका बाईला देऊन टाकला. मग माझ्याजवळ बसून त्याने मनापासून माफी मागितली आणि बाकीचे नियमही सांगितले. शुक्रवारी निघायचं नाही. बोटीवर शीळ घालायची नाही. बोटीचं नाव बदलायचं नाही. म्हणून तर आधीच्या मालकाच्या घटस्फोटित बायकोचं नाव बोटीच्या पाठीवर अजून तसंच होतं. मी विचारलं, "तू इंजिनियर ना?" तो म्हणाला, "मेकॅनिकल." याने त्याला काही फरक पडत नव्हता.

"आमच्याकडे शनिवारी तेल विकत आणत नाहीत," मी म्हटलं.

तो एकदम गंभीर झाला. "रिअली? का?"

"कारण मला माहीत नाही."

"तेच नियम खरे," तो म्हणाला. "ज्यांचं कारण कोणालाच माहीत नसतं ना, ते."

आम्ही शनिवारी पहाटे निघालो.

ओआहू, म्हणजे होनोलुलूचं बेट, आणि मोलोकाई बेट यांच्यामधला पट्टा वाईट आहे हे मी वाचलं होतं. वारा समोरून येतो आणि लाटा आखूड. बोट वर जाते आणि खाली पडते, तेव्हा ट्रकमधून फरशा उतरवल्यासारखा आवाज होतो. मी सुकाणूजवळच्या बाकावर, कमरेला पट्टा लावून बसले होते. मला उलटी झाली नाही. याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य मलाच वाटलं. मी आलेपाकाची वडी चघळत बसले आणि पाण्याचा रंग बघितला. बराच वेळ गेल्यावर लक्षात आलं, की तेवढ्या वेळात मला ह्यांची आठवण झाली नव्हती. लक्षात आल्यावर झाली.

मित्र सुकाणूवर होता आणि लाट अंगावर आली की "याऽऽ!" असं ओरडत होता. मुलगा नकाशा बघायला म्हणून वरचेवर खाली जात होता. खाली गेला की पाण्याचा पंप चालल्याचा आवाज यायचा. वर आला की ओठ पुसलेले असायचे.

"वडी घे," मी म्हटलं.

"आय ॲम फाइन."

"आल्याची आहे. मलाही बरं वाटतंय."

"आई, आय सेड आय ॲम फाइन." मग थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला. मी त्यात वडी ठेवली. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

दुपारी मोलोकाईच्या लहानशा बंदरात नांगर टाकला. लाल माती, दोन-चार बोटी, धक्क्यावर मासे धरणारी माणसं. बोट हलायची थांबली तसे सगळे शांत झाले. मुलाने चहा केला आणि कप माझ्या हातात दिला, तेव्हा मला त्याची नखं दिसली. आतपर्यंत कापलेली, करंगळीच्या कडेला रक्त सुकलेलं.

हे मला ओळखीचं होतं. लहानपणी शाळेत भाषण असलं, पोहण्याची परीक्षा असली, की आदल्या दिवशी तो बाथरूममध्ये बसून नखं कापायचा. कापून संपली तरी कापायचा. शेवटी ह्यांनी नेलकटर ऑफिसला न्यायला सुरुवात केली होती. तोंडाने तो कधी म्हणाला नाही की भीती वाटते. एकदा मी विचारलं होतं, तर म्हणाला, नखं वाढली होती.

मित्र नकाशा पसरून बसला होता. "हे काहीच नाही," तो सांगत होता. "खाली गेल्यावर वारा बाजूने मिळतो. रोज हेच, वीस-पंचवीस दिवस. तू विचार कर, मॅन!"

"येस. ऑसम," मुलगा म्हणाला.

"ऑसम नाही, इन्सेन! सकाळी उठलं की फक्त पाणी. चारही बाजूंनी."

"टोटली," मुलगा म्हणाला आणि कप धुवायला उठला. कप स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी माउईकडे निघालो. मोलोकाईची कड सोडली आणि मधल्या पट्ट्यात वारा एकदम वाढला. पुढच्या शिडाचा दोर कशाततरी अडकला. शीड फडफडायला लागलं, आणि तो आवाज असा होता की मला हातांनी कान झाकावेसे वाटले. मित्राला सुकाणू सोडता येत नव्हतं. तो ओरडला, "गो! पुढे जा!"

मुलाने पट्ट्याची कडी दोरीला लावली. दोन पावलं पुढे गेला. मग एक लाट डेकवरून गेली आणि तो डोलकाठीच्या बाजूची तार धरून खाली बसला. लाट निघून गेली तरी उठला नाही. पाठमोरा होता, त्यामुळे चेहरा दिसला नाही. तार धरलेले हात दिसत होते.

मित्राने एक क्षण वाट बघितली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ये, तू सुकाणू धर. मी जातो." मुलगा मागे आला, सुकाणू धरलं, आणि ते त्याने नीट धरलं. मित्र पुढे गेला, दोर सोडवला, भिजून परत आला आणि म्हणाला, "माझा चष्मा गेला. फिशला विकला." मुलगा माझ्याकडे बघून हसला. ते हसू पाहुण्यांसमोर हसतात तसलं होतं.

तेव्हा मला कळलं. मला बोट दाखवायला आणलेलं नव्हतं. मला 'नको' म्हणायला आणलं होतं.

त्याला स्वतःला ते म्हणता येत नव्हतं. मंदिराच्या हॉलमध्ये भरलेल्या सभेत तो जे बोलला होता ते सगळ्यांनी लक्षात ठेवलं होतं. मित्राने ट्रक विकला होता. आणि बाबांच्या नावाने काढलेली गोष्ट भीती वाटते म्हणून सोडायची, हे त्याला जमणार नव्हतं. मी नको म्हटलं, की तो सुटणार होता. पण पुढचंही मला दिसत होतं. मी नुसतं "मला काळजी वाटते" म्हटलं असतं, तर मित्राने सॅटेलाइट फोन काढून दाखवला असता, तराफा दाखवला असता, हवामानाचे तक्ते दाखवले असते. मुलाला मित्राच्या बाजूने माझ्याशी वाद घालावा लागला असता. कदाचित तो जिंकलाही असता. आणि हरला असता तर आईने अडवलेला मुलगा म्हणून राहिला असता. त्यांच्या मित्रमंडळींत देशी आयांची नक्कल करतात, ती मी ऐकलेली आहे. चांगली करतात.

दुपारी लाहाइना आलं. आधी डोंगर, मग त्यांच्या पायथ्याशी बंद पडलेल्या साखर कारखान्याचं धुराडं, मग गाव. बंदर लहान आणि भरलेलं, म्हणून बाहेर उघड्या पाण्यातच, नांगरलेल्या तरंगत्या बोयाला बोट बांधायची. देवमासे दाखवणाऱ्या बोटी माणसं भरून येत-जात होत्या, कर्ण्यावरून बाई माहिती सांगत होती, लाटांवर फळ्या घेऊन शिकाऊ पोरं पडत होती. पाण्याच्या काठावरच हॉटेलं, त्यांत गिटार, वर जाळावर भाजलेल्या मांसाचा धूर. लहान रबरी होडीतून धक्क्यावर उतरलो तर पायाखालची जमीन हलत राहिली. गल्लीत माणूस माणसाला लागत होता. फुलाफुलांचे शर्ट, आइसक्रीम, खांद्यावर पोपट घेऊन फोटो काढून देणारा माणूस, उन्हाने लाल झालेल्या बायका. मला गर्दी आवडत नाही. पण दोन दिवस पाण्यावर काढल्यावर एवढी माणसं बघून बरं वाटलं, हे खरं आहे.

मित्र चष्मा घ्यायला गेला. मुलगा आणि मी बंदरासमोरच्या वडाखाली बाकावर बसलो. हा वड अख्ख्या चौकावर पसरला आहे, पारंब्यांचे खोडाएवढे खांब झालेले. संध्याकाळ व्हायला आली होती आणि वर साळुंक्या एवढ्या ओरडत होत्या की बोलायला आवाज चढवावा लागत होता.

"वडही इंडियातून आणलाय आणि साळुंक्याही," मी म्हटलं.

"वाचलंस?"

"हो."

"वाटलंच." तो चपलेने माती उकरत होता. "मग? बोल ना आता."

"तुला जायचंय?"

"मी सगळ्यांना सांगितलंय, आई."

"मी ते नाही विचारलं."

तो वर झाडाकडे बघत राहिला. त्याच्या मांडीवर पांढरा ठिपका पडला, साळुंकीचा. त्याने तो पुसलाही नाही. "डील अशी होती की तू सांगायचं," तो शेवटी म्हणाला. आवाज सव्वीस वर्षांच्या माणसाचा नव्हता.

"रात्रीच्या जेवणाला सांगते," मी म्हटलं. "दोघांना एकदम."

मी ताजी भाजी आणि दही घेतलं. परत बोटीवर आल्यावर कुकरमध्ये खिचडी लावली. उघड्या पाण्यात बोट डावी-उजवी डोलत होती आणि कुकर शेगडीवर खिट्टीने अडकवलेला होता. शिट्टी झाली तेव्हा मित्र दचकला. बोटीवर शीळ घालायची नसते, तर ही चालते का, यावर त्या दोघांचा थोडा वेळ वाद झाला. यंत्राची चालते असं ठरलं.

मित्राने दुसऱ्यांदा खिचडी घेतली तेव्हा मी बोलले. इंग्रजीत बोलले, हळूहळू. वाचनालयात पोरांना नियम सांगताना जो आवाज काढते तोच काढला.

"मला एक सांगायचंय. आमच्यात घरातला कर्ता पुरुष गेला, की वर्ष होईपर्यंत मुलगा समुद्र ओलांडत नाही. वर्ष ऑगस्टमध्ये होतं. तोपर्यंत याला जाता येणार नाही."

मुलगा हातातला चमचा तसाच धरून माझ्याकडे बघत होता. आमच्या घरात सोवळं नाही, उपास नाहीत. तेरावा केला तोही जाऊबाईंसाठी. हे त्याला सगळं माहीत होतं. पण आपल्याला काय काय माहीत नाही, हे मात्र त्याला माहीत नव्हतं. अमेरिकेत वाढलेल्या पोरांचं हे असंच असतं. कुठली गोष्ट शास्त्रात आहे आणि कुठली आईच्या मनात, याचा त्यांना पत्ता नसतो.

"हे तुम्ही आधी नाही सांगितलंत?" मित्राने विचारलं.

"कोणी विचारलं नाही."

"पण आत्ता आपण ओलांडला ना? होनोलुलूपासून इथपर्यंत?"

"किनारा दिसत होता," मी म्हटलं. "जमीन दिसेनाशी होता कामा नये."

मित्राने यावर विचार केला. "आणि विमान? तो विमानाने आला की."

"विमानाचं वेगळं."

"का?"

"कारण मला माहीत नाही."

त्याच्या चेहऱ्यावरून सगळं एकेक करून उतरत गेलं. मला त्याचं वाईट वाटलं, आणि तरी मी मागे घेतलं नाही. तो उठला, छताला डोकं आपटलं, बाहेर जाऊन पुढच्या टोकाला बसला. गावातून ढोलांचा आवाज येत होता, प्रवाशांसाठी नाच चालू असावा.

मुलगा हळूच मराठीत म्हणाला, "खरंच आहे असं?"

"हो," मी म्हटलं.

त्याने खिचडी खायला सुरुवात केली. पहिल्यापासून बशीत तशीच होती. सगळी संपवली आणि कुकरला लागलेली खरवडूनही खाल्ली.

थोड्या वेळाने मित्र आत आला. "ऑगस्टनंतर निघालो तर खाली वादळांचा सीझन लागतो," तो म्हणाला. "म्हणजे पुढच्या वर्षावर गेलं. मला नाही थांबता येणार, मॅन. आय ॲम सॉरी."

"यू शुड गो," मुलगा म्हणाला. "दुसरा कोणीतरी बघ. बोट तू ने."

"तू खूप रागावला असशील ना?"

"रूल आहे, तर काय करणार," मुलगा म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मित्र माझ्याकडे वळला. "आंटी, केळ्यांची गोष्ट असती तर मी वाद घातला असता. पण डॅडची गोष्ट म्हटल्यावर मी त्यात पडत नाही." त्याने माझा हात हातात घेऊन दाबला. त्याचे डोळे भरले होते. माझे नव्हते. मला त्या रात्री छान झोप लागली, बोट पाळण्यासारखी हलत होती तरी.

सकाळी मुलगा गावात जाऊन पुण्याला फोन करून आला. मला ते कळलं जाऊबाईंच्या फोनवरून. मी धक्क्यावर एकटी बसले होते.

"काय गं, वर्षाच्या आत समुद्र ओलांडत नाहीत, असं काही असतं का आपल्यात?"

"तुम्ही काय सांगितलंत त्याला?"

"मी म्हटलं, असतं म्हणजे काय, असतंच. आमच्या सासूबाई फार पाळायच्या." मग आवाज खाली आणला. "मला कुठे माहीत? पण तू सांगितलं आहेस म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणू? कुठून काढलंस हे?"

"तुम्ही सासूबाईंचं काढलंत ना, तिथूनच."

जाऊबाई एवढ्या मोठ्याने हसल्या की मी फोन कानापासून लांब धरला. ह्यांच्या पाठीमागे त्या हसलेल्या मी पहिल्यांदा ऐकल्या. मग रडल्या. मग म्हणाल्या, येताना काही आणू नकोस, मेली साखर वाढलीये माझी. मी पुण्याला जाणार नव्हतेच, पण हो म्हटलं.

विमानतळावर सोडायला मुलगा एकटा आला. मित्राच्या ओळखीने कोणाचीतरी गाडी मागून आणली होती, मागच्या सीटवर ओले टॉवेल. उसाच्या शेतांमधून रस्ता जातो.

"काकू म्हणाली, आहे असा रूल. आजी पाळायची म्हणे."

"मग असेल."

"तू ते वाचलंयस कुठे?"

"सगळं लिहिलेलं नसतं."

तो गालातल्या गालात हसला. त्याला कळलं की नाही हे मला तेव्हा कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. सामान उतरवून झाल्यावर तो म्हणाला, "आणि वर्ष झाल्यावर?"

"वर्ष झाल्यावर तुझं तू बघायचं. माझा नियम ऑगस्टपर्यंत."

त्याने मला मिठी मारली. खारट वास येत होता त्याला. मी रांगेत उभी राहिले.

मित्र मे महिन्यात गेला, ओरेगनच्या एका शिक्षकाला बरोबर घेऊन. जूनमध्ये ताहितीहून त्याची मेल आली. सुखरूप पोचले होते. फोटोत बंदराचा धक्का होता, मागे फळांचा बाजार, आणि तो दाढी वाढवून, नव्या चष्म्यात हसत होता. मुलगा तेव्हा लाहाइनालाच एका बोट दुरुस्तीच्या दुकानात काम करत होता. त्याने मला ती मेल पुढे पाठवली. वर स्वतःचं एकही वाक्य लिहिलं नव्हतं.

वर्षश्राद्धाला तो शुगर लँडला आला. मंदिरातल्या गुरुजींनी जे सांगितलं ते सगळं त्याने नीट केलं. चार घरची माणसं जेवून गेली. जाताना एक काका त्याला म्हणाले, "मग, आता निघणार ना तू? बाबांसाठी?" तो म्हणाला, "बघू, काका." त्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी म्हटलं, "नियम संपला."

"माहीत आहे."

"मग?"

तो कपातल्या चहाकडे बघत होता. "म्हणजे आता मलाच सांगावं लागेल," तो म्हणाला. "आई, मला त्या दिवशी पुढे जाताच आलं नाही. पाय हललेच नाहीत."

"मी बघितलं."

"त्यानेही बघितलं. कधी बोलला नाही." त्याने कप बाजूला ठेवला. "मला कधीच जायचं नव्हतं, असं नाहीये. मध्येच कधीतरी नको झालं. मग थांबताच येईना."

हे त्याने मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण सांगितलं, आणि सांगताना मान वर होती.

तो ह्यांच्या टेबलावर संगणकासमोर बसला. मित्राला मेल लिहीत होता. मी स्वयंपाकघरात होते. टाइप केल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग परत यायचा. काय लिहिलं ते त्याने दाखवलं नाही, मी विचारलं नाही. तासाभराने उठला आणि गाडीची किल्ली मागितली.

"कुठे चाललास?"

"केस कापून येतो. काही आणू का?"

मी सांगितलं, घरात सगळं आहे. गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज आला, गाडी सुरू झाली, मागे गेली, रस्त्याला लागली. मी भांडी लावत राहिले.